ब्रेकच्या पेटंटची नोटीस आलीय, मशीन बनवणं बंद करू का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते असं: गोव्यात कुंडईला तुमचं छोटं युनिट आहे, फिजिओथेरपी सेंटरना लागणाऱ्या एक्सरसाइज बाइक बनवता, पॅडलला जो जोर लावावा लागतो तो एमआर फ्लुइड ब्रेकमुळे, म्हणजे चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवाच्या ब्रेकमुळे, आणि हा ब्रेक तुम्ही स्वतः बनवत नाही, बाहेरच्या सप्लायरकडून घेता. चवथीच्या तोंडावर मुंबईच्या वकिलाची नोटीस आली, तिच्यात एक अमेरिकन पेटंट नंबर आणि एक भारतातला नंबर, १५ दिवसांत उत्पादन थांबवा, विकलेला माल परत बोलवा, नुकसानभरपाई द्या. तुम्ही विचारताय की बंद करू की सरळ कानाडोळा करू.

दोन्ही करू नका. मी आधी मशीन डिझाइनमध्ये होतो, मग पेटंट एजंट झालो, फोंड्याला ऑफिस आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक वेर्णा, मडकई, कुंडई इथले छोटे कारखानदारच असतात. त्यामुळे हे दोन्ही प्रकार मी बघतो, एकजण कागद बघूनच घाबरतो आणि चांगलं चाललेलं प्रॉडक्ट बंद करून टाकतो, दुसरा नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतो आणि सहा महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं की धावत येतो. पहिल्याचं बघून जास्त वाईट वाटतं कारण तिथे चारपाच पोरांची नोकरी जाते आणि बऱ्याचदा त्या कागदात दम नसतो. पण दम आहे की नाही हे कागदाच्या भाषेवरून कळत नाही, वकिलाची भाषा कडकच असते, ते त्याचं काम आहे.

खरा प्रश्न दोनच गोष्टींचा आहे. त्यांचा हक्क भारतात आज जिवंत आहे का, आणि असला तर त्या हक्कात जे जे लिहिलंय ते सगळं तुमच्या ब्रेकमध्ये आहे का. बाकी सगळं याच्या नंतर.

आधी नंबर बघूया, कारण तुम्ही दिलेल्या अर्धवट नंबरांतूनच बरंच काही कळतंय. अमेरिकन नंबर ७७ लाखांच्या घरातला आहे, म्हणजे ते पेटंट तिकडे २०१० च्या सुमाराला मंजूर झालंय. अमेरिकन पेटंट अमेरिकेत चालतं. कुंडईला बनवून म्हापशाला विकलेल्या बाइकवर त्याचा काडीचा हक्क नाही, तुम्ही अमेरिकेत माल पाठवत असाल तरच तो विषय, आणि तुम्ही लिहिलंय की नाही पाठवत. त्यांना भारतात हक्क हवा होता तर पहिल्या अर्जानंतर १२ महिन्यांत इथे अर्ज करायला हवा होता, किंवा पीसीटीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्जाच्या, रस्त्याने ३१ महिन्यांत. ती मुदत गेली की त्या शोधासाठी भारताचं दार बंद होतं, मग कितीही मोठी कंपनी असो. तेव्हा एस्पासनेट या पेटंट शोधायच्या साइटवर तो अमेरिकन नंबर टाका आणि पेटंट फॅमिली, म्हणजे त्याच शोधाचे वेगवेगळ्या देशांतले अर्ज, बघा, तिथे भारताची एन्ट्री आहे का. फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही.

आता भारतातला नंबर. तुम्ही लिहिलंय की तो १२ आकडी आहे आणि २०२१२१ ने सुरू होतो. हा पेटंट नंबर नाही, अर्जाचा नंबर आहे. पहिले चार आकडे वर्ष, पाचवा आकडा ऑफिस, २ म्हणजे मुंबई, आपला गोवा पण मुंबई ऑफिसखालीच येतो, आणि सहावा आकडा अर्जाचा प्रकार. तिथे १ आहे म्हणजे साधा अर्ज, परदेशातल्या कुठल्याही आधीच्या तारखेचा फायदा न घेता टाकलेला. पीसीटीतून आलेला असता तर तिथे ७ असता. म्हणजे नोटिशीत हे दोन नंबर एकाखाली एक असे छापलेत की वाटावं एकाच शोधाची दोन पेटंटं आहेत, पण कागदोपत्री यांचं एकमेकांशी नातं नाही.

आणि इथेच तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. भारतातला अर्ज २०२१ चा. अमेरिकन पेटंट २०१० च्या आसपास छापून सगळ्या जगाला वाचायला मिळालेलं. भारतात नवीन काय ते ठरवताना जगात कुठेही आधी छापलेलं धरलं जातं, स्वतः अर्जदाराने छापलेलं पण. मग भारतातल्या अर्जात तीच गोष्ट मागितली असेल जी अमेरिकन पेटंटमध्ये आहे, तर ती नवीनच नाही, त्यांचाच कागद त्यांच्या आड येतो. आणि ती वेगळी असेल, काहीतरी सुधारणा वगैरे, तर मग अमेरिकन पेटंट दाखवून तुम्हाला घाबरवण्यात अर्थ नाही, फक्त त्या सुधारणेपुरतंच बोलायचं. ज्या अमेरिकन नंबरने तुमची झोप उडाली तोच तुमच्या फाइलमधला पहिला पुरावा होऊ शकतो.

आता तो अर्ज कुठपर्यंत पोचलाय ते बघा. पेटंट ऑफिसच्या साइटवर इनपास म्हणून सर्च आहे, त्यात अर्जाचा नंबर टाकला की स्टेटस येतं, आणि डॉक्युमेंट्समध्ये पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, त्याला अर्जदाराने दिलेलं उत्तर, बदललेले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ती वाक्यं, सगळं पीडीएफ मिळतं. हे वाचाच. नोटिशीत बऱ्याचदा सुरुवातीला छापलेले मोठ्ठे क्लेम उतरवलेले असतात, आणि प्रत्यक्षात एक्झामिनरने हरकत घेतल्यावर अर्जदाराने ते निम्म्याने आखडते घेतलेले असतात. एफईआरच्या उत्तरात अर्जदार काय काय कबूल करतो ते वाचलं की त्याचा शोध नेमका किती लहान आहे ते कळतं, "आमचा ब्रेक जुन्यापेक्षा वेगळा आहे कारण त्यात अमुक सेन्सर आहे" असं त्याने ऑफिसला लिहून दिलं असेल तर उद्या कोर्टात येऊन सेन्सर नसलेला ब्रेक पण आमचाच, असं म्हणणं त्याला जड जातं.

स्टेटस अजून पेंडिंग असेल तर चित्र बरंच बदलतं. पेटंट कायद्याच्या कलम ११अ मध्ये स्पष्ट आहे की अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून अर्जदाराला हक्क असल्यासारखं धरतात, पण पेटंट मंजूर होईपर्यंत तो दावा लावू शकत नाही. म्हणजे १५ दिवस काय, पेटंट मिळेपर्यंत ते कोर्टात जाऊ शकत नाहीत. पण याचा दुसरा अर्थ पण लक्षात घ्या, उद्या मंजूर झालंच तर भरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासून मागता येते, म्हणून पेंडिंग आहे म्हणजे निश्चिंत असं नाही. उलट हीच वेळ आहे कलम २५(१) खाली प्री-ग्रँट, म्हणजे मंजुरीआधीचा, विरोध टाकायची, तो कोणीही टाकू शकतो, २०२४ च्या नियमांपासून त्याला फी लागते आणि विरोधात तथ्य दिसतंय का हे पेटंट ऑफिसचा अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, आधी बघतो, पण कोर्टातल्या खर्चाच्या मानाने ते काहीच नाही. मंजूर झालेलं असेल तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत पोस्ट-ग्रँट विरोध, नाहीतर हायकोर्टात कलम ६४ चा रद्द करण्याचा अर्ज, किंवा त्यांनी दावा लावला तर त्यातच काउंटरक्लेम, म्हणजे उलट दावा. हे सगळे रस्ते एकदम धरता येत नाहीत, पवनचक्क्यांच्या वोब्बेन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१४ ला ते ठरवून टाकलंय, त्यामुळे कुठला धरायचा हे वकिलाबरोबर बसून ठरवा.

आता ब्रेक. मला वाटतं तुम्ही हे काम या आठवड्यातच करावं, एक जुना ब्रेक टेबलावर घ्या आणि उघडा. झाकण काढलं की आत एक पोलादी चकती शाफ्टवर बसवलेली, तिच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभराची किंवा त्याहून कमी फट, आणि फटीत राखाडी, जड, तेलकट द्रव. हाताला लागला तर ग्रॅफाइट ग्रीससारखा लागतो, सहज निघत नाही. तो म्हणजे तेलात मिसळलेली काही मायक्रॉनची शुद्ध लोखंडाची पूड. बाहेरच्या बाजूला तांब्याची कॉइल. कॉइलला करंट दिला की लोखंडाचे कण चुंबकाच्या रेषांवर साखळ्या करून उभे राहतात, द्रव काही मिलिसेकंदांत घट्ट होतो आणि चकती अडते, करंट काढला की परत पातळ. ब्रेक बरेच महिने पडून असेल तर पूड खाली बसलेली दिसेल आणि ऑइल सीलच्या कडेला काळपट रेघ, आपल्या खाऱ्या हवेत सील आधी जातं. प्रत्येक भागाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, तारखेसह.

मग त्यांच्या अर्जातला क्लेम १ घ्या आणि तोडा. क्लेम हे एकच लांबलचक वाक्य असतं, ते अर्धविरामाला अर्धविरामाला तोडून कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा आणि उजव्या बाजूला तुमच्या ब्रेकमधला तोच भाग, नसेल तर "नाही". समजा क्लेममध्ये असं असेल: वापरणाऱ्याने फिरवायचा भाग, त्याला जोडलेली चकती, फटीत एमआर फ्लुइड, कॉइल, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मोजणारा सेन्सर, आणि त्या सेन्सरच्या सिग्नलवरून करंट आपोआप कमी-जास्त करणारा कंट्रोलर. तुम्ही लिहिलंय की तुमच्या बाइकवर नुसता नॉब आहे, थेरपिस्ट हाताने फिरवतो आणि तेवढा करंट जातो. मग शेवटच्या दोन ओळींसमोर "नाही" येतं. क्लेममधला प्रत्येक घटक तुमच्या मालात असला तरच उल्लंघन, एक जरी खरोखर नसला तर नाही, हे मूळ सूत्र. इथे एक सावधगिरी: आपली कोर्टं नुसते शब्द बघून थांबत नाहीत, शोधाचा गाभा काय ते बघतात, राज प्रकाश विरुद्ध मंगतराम या दिल्ली हायकोर्टाच्या जुन्या केसपासून ते चालत आलंय. एखादा क्षुल्लक भाग बदलून गाभा उचलला तर सुटका नाही. पण आपोआप कंट्रोल आणि हाताने फिरवायचा नॉब हा फरक क्षुल्लक नाही असं माझं मत आहे, विशेषतः त्यांनी एफईआरच्या उत्तरात त्याच आपोआप कंट्रोलवर भर दिला असेल तर. तुमच्या पुढच्या मॉडेलमध्ये मोबाइल ॲपने रेझिस्टन्स बदलणार असं जे लिहिलंय, त्याचं डिझाइन मात्र हा तक्ता होईपर्यंत फायनल करू नका.

आणि क्लेममध्ये सेन्सर-कंट्रोलर काहीच नसेल, नुसतं "एमआर फ्लुइडचा ब्रेक असलेलं व्यायामाचं मशीन" एवढंच मागितलं असेल तर? मग उल्लंघनाची बाजू तुमची कच्ची, पण पेटंटची बाजू त्यांची फार कच्ची. कारण ही कल्पना जुनी आहे. जेकब रॅबिनो यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९४० च्या दशकात चुंबकीय द्रवाचा क्लच बनवला, त्याचं अमेरिकन पेटंट २५७५३६० हे १९५१ चं. व्यायामाच्या मशीनमध्ये एमआर फ्लुइड वापरून जोर कंट्रोल करायचं लॉर्ड कॉर्पोरेशनचं पेटंट ५८१६३७२ हे १९९८ चं, आणि त्याच्या नावातच व्यायामाची साधनं आहेत. ही दोन्ही छापलेली, सगळ्यांना उपलब्ध, आणि त्यांची मुदत संपल्यामुळे त्यातलं वापरायला तिकडेही मोकळीक. २०२१ मध्ये कोणी तेवढंच मागत असेल तर या दोन कागदांवर प्री-ग्रँट विरोध उभा राहतो. जोडीला कलम ३(फ), माहीत असलेली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपलं आपलं जुनंच काम करतंय तर तो शोध नाही. सुप्रीम कोर्टाची १९७८ ची बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटलची केस पण तुमच्या वकिलाला सांगा, भांडी लेथवर धरायच्या पद्धतीचं पेटंट होतं, कोर्टाने म्हटलं ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा, शोध नाही, आणि पेटंट मिळालं म्हणजे ते वैध आहे असं गृहीत धरायचं नसतं. आपल्या कायद्यात हे फार महत्त्वाचं आहे.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की पहिलं मशीन २०१९ ला म्हापशाच्या एका सेंटरला दिलं. हे जाता जाता लिहायचं वाक्य नाही. २०२१ च्या आधी भारतात उघडपणे विकलेली वस्तू हा नावीन्याविरुद्धचा पुरावा आहे. पण इथे सगळं परिस्थितीवर आहे. त्या मशीनमध्ये आजचाच ब्रेक होता की नंतर बदलला? तुम्ही "थोडे बदल केले" म्हणताय, ते थोडे म्हणजे नेमके काय? ते मशीन अजून सेंटरमध्ये आहे का? डिलिव्हरी चलन, जीएसटी इनव्हॉइस, सप्लायरची त्या वेळची पर्चेस ऑर्डर, बँकेची एन्ट्री, बसवताना काढलेले फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, मूळ फाइल फॉरवर्ड करून करून तारीख घालवू नका. समोरचे म्हणतील ब्रेक सीलबंद होता, आत काय ते कोणाला कळणार. आपलं उत्तर की मशीन विकत दिलं होतं, घेणाऱ्याला उघडायला कोणी अडवलं नव्हतं. सेंटरवाल्या डॉक्टरांनी ॲफिडेव्हिट दिलं तर उत्तम, पण त्यांना आधी विचारा, धंद्याचे संबंध असतात.

ब्रेक बदलून टाकतो, चुंबकवाला साधा लावतो, असंही तुमच्या मनात आहे. तांत्रिकदृष्ट्या विचार करा. जिममधल्या साध्या मॅग्नेटिक बाइकमध्ये फ्लायव्हीलजवळ चुंबक आणून एडी करंटने, म्हणजे फिरत्या धातूत उठणाऱ्या विजेच्या प्रवाहाने, अडवतात, त्यात द्रव नसतो, पेटंटचा प्रश्न मिटतो. पण त्याचा जोर वेगावर अवलंबून असतो, चाक हळू फिरलं की ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पक्षाघातानंतरचा पेशंट किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी अगदी सावकाश पॅडल मारते, तिथे एमआर ब्रेक थांबलेल्या अवस्थेतसुद्धा ठरवलेला जोर देतो. म्हणूनच तुम्ही तो घेतला असणार. तेव्हा भीतीपोटी बदललात तर तुमचं गिऱ्हाईक ज्या कारणाने तुमच्याकडे येतं तेच जाईल. जिमसाठी वेगळं मॉडेल एडी करंटचं काढायला हरकत नाही, फिजिओथेरपीचं मात्र घाईने हलवू नका.

नोटिशीला उत्तर द्यायचंच, वकिलाकडून, मुदतीत. कारण कलम १११ खाली ज्याला पेटंट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारण नव्हतं त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही, पण नंबरासकट नोटीस हातात पडली की ही ढाल इथून पुढे गेली. उत्तर छोटं असू दे: अर्जाची स्थिती काय, क्लेमचा कुठला भाग आमच्या कुठल्या भागावर लागतो ते तक्त्यासह कळवा, आमचे हक्क राखून. तुमच्या ब्रेकचे ड्रॉइंग, तुमचं २०१९ चं मशीन, यातलं काही पहिल्या उत्तरात सांगू नका. आणि स्वतः फोन करून "बघू, थांबवतो थोडे दिवस" असं बोलू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. जुने ड्रॉइंग, मेल काही डिलीट करू नका.

पेटंट मंजूर झालेलं निघालं तर कॅव्हेट, म्हणजे आधी आमचं ऐका असा कोर्टातला अर्ज, टाकून ठेवा, ९० दिवस चालतं, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणार नाही. कुठल्या कोर्टात टाकायचं हे माल कुठे कुठे गेलाय त्यावर, सावंतवाडी-बेळगावला विकला असेल तर ते पण वकिलाला सांगा. दावा जिल्हा न्यायालयात लागला आणि तुम्ही पेटंट रद्द करायचा काउंटरक्लेम टाकला की केस हायकोर्टाकडे जाते, आपल्याकडे खंडपीठ पर्वरीला. मी एजंट आहे, पेटंट ऑफिसपुढचं काम मी करू शकतो, कोर्टात उभा राहू शकत नाही, तिथे वकीलच लागतो आणि तो पेटंटचं काम केलेला हवा.

त्यांनी तुमच्या सेंटरना पत्रं पाठवायला सुरुवात केली तर लगेच एक प्रत मिळवा. नुसतं "आमचं पेटंट आहे" असं कळवणं चालतं, पण मंजूर न झालेल्या अर्जावर दाव्याची धमकी देऊन गिऱ्हाईक तोडणं याविरुद्ध कलम १०६ आहे, तुम्ही स्वतः दावा लावून मनाई आणि भरपाई मागू शकता. तसं काही झालं नसेल तर मी आपण होऊन कोर्टात जा म्हणणार नाही.

सप्लायरला आजच लिहा. ब्रेक त्याचा आहे, त्यालाही अशी नोटीस आली असण्याची शक्यता आहे, आणि कदाचित त्याच्याकडे वकिलाचं मत तयार असेल. पर्चेस ऑर्डरच्या मागच्या अटी वाचा, पेटंटच्या भांडणाचा खर्च कोणी उचलायचा असं काही आहे का. नसेल तर पुढच्या ऑर्डरच्या आधी घालून घ्या. कायद्याने बनवणारा, आयात करणारा, विकणारा आणि वापरणारा सगळेच अडकू शकतात, त्यामुळे "मी फक्त बसवतो" हे उत्तर पुरणार नाही.

भारतातल्या अर्जाचा पूर्ण नंबर, सध्याच्या क्लेम १ चा मजकूर आणि ब्रेक उघडल्यावर काय काय दिसलं ते कळवा, म्हणजे तक्त्याच्या कुठल्या ओळी कच्च्या आणि कुठल्या पक्क्या ते बघून सांगता येईल. २०१९ च्या मशीनचे कागद मात्र कुठेही जाहीर टाकू नका, ते थेट तुमच्या वकिलाला द्या.